बँड पाच जणांचा, आवाज वीस जणांचा: बॅकिंग ट्रॅक नक्की चालतो कसा

गाण्याच्या कार्यक्रमाला गेल्यावर हा प्रश्न एकदा तरी पडतोच की स्टेजवर ड्रम, बेस, गिटार, कीबोर्ड आणि गायक एवढेच दिसतायत, मग ही व्हायोलिनची अख्खी फौज कुठून वाजतेय आणि मुखड्याला मागे चार मुली कुठे गातायत. उत्तर सरळ आहे, ते आधी रेकॉर्ड करून ठेवलेलं असतं आणि बँड त्याच्याबरोबर वाजवत असतो. यालाच बॅकिंग ट्रॅक म्हणतात, आपल्याकडे ऑर्केस्ट्रात नुसतं 'ट्रॅक', आणि गायकाचा आवाज काढून बाकी सगळं ठेवलं असेल तर 'माइनस वन'. मी बरीच वर्षं कीबोर्ड वाजवतोय आणि आमच्या ग्रुपचे ट्रॅक मीच तयार करतो, त्यामुळे लोक भेटले की दोनच गोष्टी विचारतात, हे करता कसं आणि ही फसवणूक नाही का. पहिलं नीट कळल्याशिवाय दुसऱ्याचं उत्तर देता येत नाही म्हणून आधी कसं ते सांगतो.

एक गोष्ट डोक्यात ठेवा म्हणजे पुढचं सगळं आपोआप समजेल. ट्रॅक ऐकत नाही. माणूस ऐकतो. गायकाने एखादी जागा घेताना दोन मात्रा जास्त घेतल्या तर तबलेवाला सांभाळून घेतो, अंतरा विसरून कोणी परत मुखड्यावर आला तर कीबोर्डवाला डोळ्यांनीच समजतो आणि बाकीच्यांना खूण करतो, पब्लिकला कळतही नाही. ट्रॅकला यातलं काही ठाऊक नसतं. तो सुरू झाला की त्याच्या वेगाने शेवटपर्यंत जाणार, तुम्ही त्याच्याबरोबर असा नाहीतर नसा. बॅकिंग ट्रॅकचं जे काही तंत्र आहे ना, हेडफोन, क्लिक, दोन-दोन लॅपटॉप, ते सगळं या न ऐकणाऱ्या सोबत्याला कसं सांभाळायचं यासाठीच निघालेलं आहे.

हे जुनं प्रकरण आहे, लॅपटॉपच्या कितीतरी आधीचं. 'द हू' हा इंग्लंडचा रॉक बँड, त्यांनी १९७१ साली दोन गाणी काढली, 'बाबा ओ'रायली' आणि 'वोन्ट गेट फूल्ड अगेन', दोन्हीत मागे एक इलेक्ट्रॉनिक सुरावट सतत फिरत राहते. (पहिल्या गाण्याच्या नावातले 'बाबा' म्हणजे आपल्या पुण्यात जन्मलेले आणि नगरजवळ मेहेराबादला समाधी असलेले मेहेर बाबा, बँडचा गिटारिस्ट पीट टाउनशेंड त्यांचा भक्त. 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली.) ती सुरावट टाउनशेंडने ऑर्गनवर घरी तयार केलेली होती, दुसऱ्या गाण्यात ऑर्गनचा आवाज सिंथेसायझरमधून फिरवून घेतलेला. स्टेजवर हे रोज तसंच्या तसं वाजवणं शक्य नव्हतं म्हणून ते टेप लावायचे. आणि ड्रमर कोण, तर कीथ मून! जो कधी एका लयीत शांत बसला नाही, ज्याचं वाजवणं म्हणजे धबधबा, त्या माणसाला कानावर हेडफोन चढवून टेपबरोबर चालावं लागायचं. त्याचं १९७८ चं चित्रीकरण आहे, हेडफोन हलू नयेत म्हणून डोक्याला चिकटपट्टी लावलेली, आणि तरीही हात तसेच उधळतायत. ड्रमर जिथे राजा असतो तिथे त्याला एका टेपचं ऐकावं लागणं ही गोष्ट मला तेव्हाही भारी वाटली होती आणि आजही वाटते.

त्याच बँडने १९७३ मध्ये मोठा टेपचा प्रयोग केला, लाटांचे, पावसाचे वगैरे आवाज आणि संगीत टेपवर, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूकॅसलच्या कार्यक्रमात टेप वेळेवर लागलीच नाही, गाणं एकीकडे आणि टेप दुसरीकडे. टाउनशेंड इतका भडकला की त्याने साउंड सांभाळणाऱ्या माणसाला मिक्सरवरून ओढलं आणि टेपा तोडून टाकल्या. राग चुकीच्या जागी निघाला असं माझं मत आहे, कारण तेव्हाच्या मशीनना नेमक्या क्षणी सुरू करणं हेच मुळात जुगारासारखं होतं.

आता क्लिक म्हणजे काय. मेट्रोनोमचा आवाज, टिक टिक टिक टिक, गाण्याच्या लयीत, पहिल्या मात्रेला जरा वेगळा. हा आवाज फक्त वाजवणाऱ्यांच्या कानात जातो, पब्लिककडे जात नाही. तो कशासाठी लागतो ते गणिताने बघा. १२० बीपीएमचं गाणं, म्हणजे मिनिटाला १२० बीट, गाणं साडेतीन मिनिटांचं तर एकूण ४२० बीट झाले. ड्रमरने नकळत १२० च्या जागी १२१ ने वाजवलं, म्हणजे कोणाला जाणवणारही नाही इतकाच फरक, तरी शेवटाला तो ट्रॅकच्या पावणेदोन सेकंद पुढे गेलेला असतो, म्हणजे जवळजवळ साडेतीन बीट. मागे व्हायोलिन अजून अंतऱ्यात आणि बँड मुखड्यावर. म्हणून लय आठवून वाजवणं चालत नाही, प्रत्येक बीट कानात लागतो.

तबला ऐकणाऱ्यांना हे लवकर समजेल. तबलावादन चालू असताना बाजूला पेटीवर कोणीतरी एकच लेहरा धरून बसलेला असतो, सोळा मात्रांची तीच ओळ परत परत, आणि तबलावादक तिच्याभोवती कुठे कुठे फिरून समेवर येतो. क्लिक म्हणजे तोच लेहरा समजा, फक्त सूर काढून टाकलेला. पण एक मोठा फरक आहे, पेटीवाला तबलावादकाकडे बघत असतो, त्याने लय वाढवली की हा वाढवतो. क्लिक वाढवत नाही. नवीन मुलं क्लिकवर पहिल्यांदा वाजवतात तेव्हा सगळ्यांना वाटतं क्लिकच पुढेमागे होतोय, मशीन बिघडलंय, तीन-चार आठवडे रोज बसल्यावर कळतं की मशीन जागेवरच होतं.

बहुतेक बँडमध्ये क्लिक सगळ्यांना देत नाहीत, ड्रमरला देतात आणि बाकीचे ड्रमरला धरून वाजवतात. बरेचदा ट्रॅक सुरू करणंही त्याच्याच हातात असतं, ऑक्टोपॅडसारखं काठीने वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड असतं, एक पॅड मारला की चार टिक मोजून गाणं सुरू. हा कंट्रोल ड्रमरकडे असणं मला सगळ्यात योग्य वाटतं, कारण गायक बोलतोय का, पाणी पितोय का, माइक हातात आहे का हे त्याला मागून दिसत असतं.

छोट्या ग्रुपची सोपी पद्धत सांगतो, यात फार खर्च नाही. आपण ऐकतो त्या फाइलला डावी आणि उजवी अशा दोन बाजू असतात. एका बाजूला सगळं संगीत टाकायचं, दुसऱ्या बाजूला फक्त क्लिक. केबल अशी घ्यायची की दोन बाजू वेगळ्या निघतील, संगीताची मिक्सरला आणि क्लिकची ड्रमरच्या इअरफोनला. झालं. संगीत स्टिरिओ राहत नाही पण गावाकडच्या मैदानात स्टिरिओ कोणाला ऐकू येतोय. याच्यात धोका एकच, जॅक उलटे लागले की संपलं. आमचं एकदा तसंच झालं, गणेशोत्सवातला कार्यक्रम, घाईघाईत साउंड चेक न करताच उभे राहिलो, पहिलं गाणं सुरू झालं आणि दोन हजार माणसांना मोठ्या स्पीकरमधून टिक टिक ऐकू आली, ड्रमरच्या कानात मात्र व्हायोलिन. तो बिचारा डोळ्यांनी विचारतोय काय झालं आणि मला स्टेजच्या टोकाला पोचायला अर्धा मिनिट लागला. तेव्हापासून आमच्या केबलवर लाल आणि हिरवी टेप आहे आणि साउंड चेक झाल्याशिवाय आम्ही पडदा उघडू देत नाही, आयोजक कितीही घाई करोत.

ट्रॅक मोबाइलवरून लावत असाल तर मोबाइल फ्लाइट मोडवर टाकाच, फोन आला की गाणं थांबतं आणि रिंगटोन पब्लिकला ऐकू येते, हे इतक्या लग्नांमध्ये झालंय की सांगायला नको. आणि ब्लूटूथ वापरू नका. ब्लूटूथला आवाज पोचायला वेळ लागतो, साध्या हेडफोनमध्ये सेकंदाच्या दहाव्या-पाचव्या भागापर्यंत. ऐकायला थोडं वाटतं पण १२० च्या लयीत एक बीट अर्ध्या सेकंदाचा असतो, म्हणजे जवळपास अर्धा बीट उशीर. पिक्चर बघताना चालेल, ड्रम वाजवताना नाही.

ट्रॅकमध्ये काय टाकायचं आणि काय नाही ही खरी अक्कल आहे आणि इथेच बहुतेक जण चुकतात. माझा नियम असा आहे की जे वाद्य स्टेजवर आहे ते ट्रॅकमध्ये नको. ढोलकीवाला समोर बसलाय आणि ट्रॅकमध्येही ढोलकी आहे तर दोन थापा कधीच नेमक्या एका क्षणी पडत नाहीत, प्रत्येक थाप फाटल्यासारखी दुहेरी ऐकू येते आणि लोकांना वाटतं ढोलकीवाला कच्चा आहे. तो कच्चा नसतो, ट्रॅक बनवणाऱ्याने त्याच्या जागेवर दुसरा बसवलेला असतो. ट्रॅकमध्ये व्हायोलिन, कोरस, सनईचा एखादा पीस, असल्या गोष्टी ठेवायच्या ज्यांची माणसं आपण आणू शकत नाही.

बाजारातले माइनस वन कसे बनतात हेही लोक विचारतात. जुनी युक्ती अशी होती की स्टिरिओ गाण्यात गायकाचा आवाज साधारण मधोमध असतो, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना सारखाच. एका बाजूतून दुसरी वजा केली की जे दोन्हीकडे सारखं आहे ते नाहीसं होतं, आवाज जातो. पण बेस आणि ड्रमही मधोमधच असतात, तेही जातात, म्हणून तसले ट्रॅक पोकळ वाटायचे. आता कॉम्प्युटरला शिकवून आवाज आणि वाद्यं वेगळी करणारे प्रोग्राम आलेत, डीझर या ऑनलाइन गाणी ऐकवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये असा एक फुकट उपलब्ध करून दिला, त्यानंतर हे घरोघरी पोचलं. तरी काढलेल्या आवाजाची सावली मागे राहते, मोठ्या साउंडवर ती ऐकू येते, त्यामुळे ज्यांना जमतं त्यांनी वाद्यं नव्याने वाजवूनच ट्रॅक करावा असं मी सांगेन, वेळ लागतो पण तो तुमचा होतो. शिवाय पट्टीही तुमच्या हातात राहते. गायकाचा घसा बसला तर जिवंत वाजवणारे काळी दोनवरून पांढरी दोनवर एका खुणेत उतरतात, ट्रॅक उतरत नाही, म्हणून मी अवघड गाण्यांचे दोन पट्ट्यांमधले ट्रॅक बरोबर ठेवतो.

मोठ्या बँडचं काम याच कल्पनेवर चालतं, फक्त पसारा मोठा. तिथे एक फाइल नसते, कोरस वेगळा, व्हायोलिन वेगळं, तालवाद्यं वेगळी, क्लिक वेगळा, आणि एक वाटाड्या असतो, म्हणजे कानात बोलणारा आवाज, 'अंतरा, दोन, तीन, चार'. हे सगळं लॅपटॉपमधून वेगवेगळ्या वायरींनी मिक्सरला जातं म्हणजे साउंडवाल्याला बंद हॉलमध्ये बेस कमी आणि मैदानात जास्त असं करता येतं. शिवाय एका वायरीत टाइमकोड असतो, ऐकलात तर जुन्या फॅक्स मशीनसारखा किरकिराट, पण त्यात प्रत्येक क्षणाची वेळ लिहिलेली असते आणि लाइटचं आणि स्क्रीनचं मशीन ती वाचून चालतं. गाण्याच्या एका विशिष्ट ठोक्याला सगळे लाइट एकदम पांढरे होतात ना, ते कोणी बटण दाबून करत नाही बहुतेक वेळा. पिंक फ्लॉइडसारखे बँड सत्तरच्या दशकातच स्टेजमागे फिल्म दाखवून तिच्याबरोबर टेप आणि वादन जुळवायचे, त्याच विचाराची ही आजची आवृत्ती.

आणि लॅपटॉप बंद पडला तर? म्हणून दोन असतात, दोन्ही एकाच वेळी तेच वाजवत असतात, ऐकू एकच येतो. पहिला लॅपटॉप गाण्याबरोबर एक साधा सततचा सूर पाठवत राहतो, तो सूर कोणाला ऐकवत नाहीत, एक छोटं यंत्र त्यावर लक्ष ठेवतं. सूर थांबला की ते यंत्र समजतं पहिला गेला आणि तत्क्षणी दुसऱ्याचा आवाज पुढे करतं. माणसाच्या हाताने हे इतक्या पटकन होणार नाही.

'ऐकत नाही' या दुखण्यावर थोडं औषध २००१ मध्ये मिळालं, एबलटन लाइव्ह नावाचं सॉफ्टवेअर आलं, ज्यात गाण्याचे तुकडे करून ठेवता येतात आणि एखादा तुकडा हवा तितका वेळ फिरवत ठेवता येतो. म्हणजे गायक पब्लिकशी बोलतोय तोवर चार मात्रांचा तुकडा फिरत राहतो, खूण झाली की पुढचा तुकडा बरोबर समेवर सुरू होतो. तेवढ्यापुरता ट्रॅकने थांबून बघितल्यासारखं वाटतं. ऐकणारा अजूनही माणूसच असतो, बटणावर बोट ठेवून.

आता फसवणुकीबद्दल. मला वाटतं लोक ट्रॅकवर चिडत नाहीत, आपल्याला जे दाखवलं ते खोटं होतं हे कळलं की चिडतात, आणि त्यातही आवाजाच्या बाबतीत. क्वीन बँडचं 'बोहेमियन रॅप्सडी' बघा, १९७५ चं, त्याचा मधला ऑपेराचा भाग स्टुडिओत तिघांनी आवाजावर आवाज चढवत केला होता, स्टेजवर चार जणांना तो गाणं अशक्य. त्यांनी काय केलं, तो भाग आला की सगळे स्टेज सोडून आत जायचे, टेप वाजायची, लाइट खेळायचे, आणि जोरकस भाग आला की परत येऊन वाजवायचे. तोंड हलवण्याचं नाटक नाही. मला या विषयातलं हे सगळ्यात प्रामाणिक उदाहरण वाटतं आणि कोणी क्वीनला फसवे म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

याच्या उलट मिली व्हॅनिली, ही दोन पॉप गायकांची जोडी. जुलै १९८९, अमेरिकेत कनेटिकट राज्यातला कार्यक्रम, ट्रॅक अडकला आणि गाण्याची एकच अर्धी ओळ परत परत वाजायला लागली, दोघांपैकी एक जण स्टेजवरून पळाला. पुढे कळलं की रेकॉर्डवरचा आवाजही त्यांचा नव्हता, १९९० च्या सुरुवातीला मिळालेलं ग्रॅमी पारितोषिक त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये परत घेतलं गेलं. तिथे ट्रॅकने फसवलं नाही, ट्रॅकमुळे फसवणूक उघडी पडली.

मधल्या जागा अवघड आहेत. जानेवारी २००९, ओबामांचा पहिला शपथविधी, चेलोवादक यो-यो मा आणि व्हायोलिनवादक इट्झाक पर्लमनसारखे दिग्गज वाजवताना दिसले पण ऐकू आलं ते दोन दिवस आधीचं रेकॉर्डिंग, कारण त्या कडाक्याच्या थंडीत तंतुवाद्यांचे सूर टिकत नाहीत. २०१४ च्या सुपर बोलला, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्याला, रेड हॉट चिली पेपर्स या रॉक बँडच्या गिटारना वायरच लावलेली नव्हती, लोकांनी पकडलं, बासिस्ट फ्लीने जाहीर लिहिलं की आयोजकांनी गायन लाइव्ह आणि वाद्यं रेकॉर्डेड अशी अट घातली होती, मैदानात काही मिनिटांत स्टेज लावायचं असतं म्हणून, आणि वायर लावून नाटक करण्यापेक्षा न लावणं त्यांना बरं वाटलं. कारणं दोन्हीकडे खरी आहेत. युरोव्हिजन या युरोपातल्या देशांच्या गाण्याच्या स्पर्धेने तर नियमच करून टाकला, १९९८ नंतर ऑर्केस्ट्रा गेला, संगीत पूर्ण रेकॉर्डेड, पण मुख्य गायन लाइव्हच पाहिजे. नियम सगळ्यांना माहीत आहे म्हणून तिथे कोणाची तक्रार नसते.

मला स्वतःला जे टोचतं ते वेगळं आहे. मुंबईच्या फिल्म स्टुडिओत एकेकाळी व्हायोलिनची मोठमोठी पथकं एकत्र बसून वाजवायची, त्यात गोव्याची कितीतरी माणसं होती, कीबोर्ड आणि मल्टिट्रॅक (एकेक वाद्य वेगवेगळं रेकॉर्ड करायची सोय) आल्यावर ती कामं गेली. आमच्या ऑर्केस्ट्रात मी पहिल्यांदा आलो तेव्हा ट्रम्पेट होता, अकॉर्डियन होतं, दोन व्हायोलिन होती. आज मी लॅपटॉपवर जे उघडतो त्यात ती चारही माणसं आहेत, मानधन न घेणारी. मी ट्रॅक बनवतो म्हणून हे बोलायचा मला हक्क नाही असं कोणी म्हणेल, पण मीच बनवतो म्हणून मला ते रोज दिसतं. गोव्यात तियात्राच्या, म्हणजे तिथल्या कोंकणी नाटकाच्या, कांतारांना (गाण्यांना) अजून समोर बसून बँड साथ करतो, ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन धरून, ते बघितलं की फार बरं वाटतं.

आणि काही प्रकार ट्रॅकवर होतच नाहीत. भजनाची लय हळूहळू चढत जाते, किती चढवायची हे समोरच्या टाळ्या ठरवतात. लावणीत ढोलकी आणि घुंगरू एकमेकांना विचारत चालतात, रेकॉर्डेड गाण्यावर तीच लावणी केली की नाचणारी एकटीच विचारत राहते. म्हणून आमच्या कार्यक्रमात लावणीला जिवंत ढोलकी आणि पेटी असते, क्लिक बंद. शेवटच्या भैरवीलाही ट्रॅक लावत नाही. ड्रमर कानातले इअरफोन काढून गळ्यात टाकतो, मी लॅपटॉपचं झाकण मिटतो, आणि गायिका पहिला सूर लावून जितका वेळ थांबेल तितका वेळ आम्ही सगळे तिच्याकडे बघत थांबतो.